निरंक

सिमरोल मागे टाकलं की डाव्या हाताला
एक कोरडा नाला लागतो.
सपाट रेती, मऊ, वाऱ्याला आडोसा.
वाटलं, कुणीतरी आमच्यासाठीच
जागा झाडून ठेवलीय.
अकरा तंबू, चव्वेचाळीस मुली.
दुपारभर मोगऱ्या वाजत राहिल्या.

पाचच्या सुमाराला भुस्कुटेबाई ट्रकमधून उतरल्या.
आधी तंबूंकडे पाहिलंच नाही त्यांनी.
काठावरच्या बाभळीकडे पाहिलं:
कमरेच्या उंचीवर, काट्यांत अडकलेलं
वाळकं गवत, एकाच दिशेला विंचरलेलं.
"हे इथं चालत आलं नाही," म्हणाल्या.
"उपटा सगळं. वर."

वर म्हणजे चाळीस पावलं, खडकाळ,
जिथं पहिल्याच ठोक्याला खुंटी वाकते.
पौषात कुठला पूर?
बाई काय करून राहिल्यात!
हेमलतानं राजवाड्याच्या टेम्पोवाल्यांकडून ऐकलेली
एक शिवी दिली, हळूच, गाठीत तोंड घालून.

खुंटी उभी नाही ठोकायची.
तिनं तंबूकडे पाठ करून
रुसल्यासारखं मागं रेलायचं,
मगच ती दोर धरते.
ते वठलेलं झाड सावली देत नाही,
फांदी मात्र देईल, म्हणून त्याच्यापासून लांब.
दोन तंबूंच्या दोरांमधून
पाण्याची बादली घेतलेली मुलगी
न अडखळता गेली पाहिजे.
आणि मग आमच्या वेण्या सोडवल्या.
पांढऱ्या रिबिनी, शाळेच्या, प्रत्येक दोराला एक.
त्या रात्री आम्ही सगळ्या झिपऱ्या
आणि छावणी नटलेली.

कंदील बाहेर. भीती वाटली तरी बाहेर.
सहावीतली बिंदू रेठरेकर त्यावरून रडली,
तर तिचा तंबू बाईंच्या शेजारी आणला,
कंदील नाही आणला.

शेवटी म्हणाल्या, आता दोर सैल करा.
सैल?
हात सोलवटून, दातांनी गाठी ओढून
आत्ताच तर ताणले होते.
"सुताचा दोर दवानं आखडतो.
तुम्ही झोपाल, तो ओढत बसेल,
पहाटेपर्यंत स्वतःच्याच खुंट्या उपटेल.
बोटभर सोडा."
बोटभर सोडले.

रात्री तीनदा जाग आली.
तिन्ही वेळा कुणीतरी बाहेर फिरत होतं,
दोरा-दोरावर टिचकी मारत.
थप्. थप्.
एक जरा वरच्या सुरात लागला,
तिथं पावलं थांबली,
मग पुन्हा थप्.

सकाळी नाल्यात काही नव्हतं.
ना मावठा, ना वारा, ना पाण्याची एक रेघ.
आमच्या जुन्या जागेवरून
नानूरामची शेळी चालत गेली,
खुंट्यांच्या भोकांना हुंगत.
"बघा बाई," हेमलता म्हणाली, "काही झालं नाही."
"हो ना," बाई म्हणाल्या, "काही झालं नाही,"
आणि आपल्या पोह्यांवर
आणखी एक मूठ शेव घातली.

आता मुली मी नेते.
तंबू नायलॉनचे, छत्रीसारखे उघडणारे,
दोर नारिंगी, दुरून दिसणारे.
नायलॉन दवानं उलटा ढिला पडतो,
म्हणून मी रात्री उठते ती ताणायला.
टिचकी तीच.
आतून कुणीतरी विचारतं, कोण?
मी. झोप.

परत आल्यावर चिमणबागेतल्या ऑफिसात
अहवाल द्यायचा असतो.
शेवटचा रकाना: अपघात, इजा, विशेष घटना.
मी लिहिते, निरंक.
खाली एक रेघ मारते, जरा दाबून.
दरवर्षी तिथला कारकून विचारतो,
मॅडम, काही झालंच नाही,
त्याला रेघ कशाला?