मीटर नंबर ५८८२३५३

रात्री साडेबाराला थ्री-फेज येते.
मोटर आधी खाकरते, मग सूर धरते.
टेकडीवरची टाकी भरायला पावणेचार तास.
तेवढा वेळ मी, चाळीसचा बल्ब, एक पाल,
आणि मीटरच्या पत्र्यावर ठोकलेला आकडा:
अठ्ठावन्न लाख ब्याऐंशी हजार तीनशे त्रेपन्न.

वर्षभर नुसता वाचला.
मग एका रात्री, डोळा लागू नये म्हणून,
वाटून पाहिला.
दोघांत वाटला, एक उरला.
तिघांत एक, चौघांत एक,
सहा, सात, बारा, चौदा जणांत, तरी एकच,
पंगत उठली तरी पत्रावळ धरून
बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा.
पाचांत तीन उरले, अकरांत चार, तेरांत नऊ.
"फुटत नाही लेकाचा," मी पालीला म्हणालो.

सातवीत येरणे सर सांगायचे:
मूळ संख्या म्हणजे जिच्या घरात
एक आणि ती स्वतः, तिसरं माणूस नाही.
आणि एवढ्या मोठीची चौकशी करायची तर
वर्गमूळापर्यंतच जायचं, पुढची दारं वाजवायची नाहीत.
याचं वर्गमूळ चोवीसशे पंचविसाच्या जरासं पुढे.
तिथवर मूळ संख्या तीनशे साठ.
त्या आधी हुडकायच्या,
मग एकेकीनं भागायचं.
कोळशानं, भिंतीवर, उन्हाळाभर.

सरपंचीणबाईंचा अंकुश म्हणाला,
"काका, मोबाइलले विचारा ना, सेकंदात सांगते."
"मोबाइलले का टाकी भरायची हाय?"

पोळ्याच्या आदल्या रात्री
शेवटच्या चोवीसशे तेविसानं भागला.
सतराशे बत्तीस उरले.
म्हणजे झालं. कुणाचाच नव्हता तो.
मी भिंतीकडे बघत उभा राहिलो
आणि तिकडे टाकी वाहून
अर्ध्या टेकडीचा चिखल झाला.
सकाळी बोलणी खाल्ली, पण गोड लागली.

नंतर त्यानं आपणहून एकेक उघडं केलं.
पाचशे अठ्ठ्याऐंशी अलीकडे तोडले,
तेवीसशे त्रेपन्न पलीकडे,
दोघांचे वर्ग करून मिळवले
तर तोच समोर उभा, सांधा न दिसता.
सतरानं गुणला: दहा कोटी एक.
या टोकाला एक, त्या टोकाला एक,
मध्ये सात शून्यं,
तार न ओढलेल्या दोन खांबांमधल्या
नांगरून पडलेल्या रानासारखी.

इंदूला सांगितलं. तिनं भाकरी उलटली.
"त्यानं बिल कमी येते का?"

मागच्या मंगळवारी आर्वीहून वीजवाले आले.
जुना मीटर पोत्यात टाकला,
काचेचा नवा बसवला.
ते गेल्यावर मी बॅटरी मारून पाहिलं.
शेवटी सहा.
बघताक्षणीच फुटला.

कोळसा परत खिशात ठेवला.
मोटर चालू आहे.
अजून तीन तास.