डावा स्पीकर

भिंत मायनं वितीनं मोजली.
घरात टेप होता, पण तो मोरेश्वरनं नेलेला,
आणि त्याच्याकडची वस्तू परत येते ती पोळ्यालाच.
खिडकीपासून फ्यूजच्या डबीपर्यंत
सात विती, चार बोटं.
मी मोबाइलमध्ये तसंच लिहून घेतलं.
हिंगणघाटचा दुकानदार म्हणाला,
"ताई, बोटं राहू द्या. इंच सांगा."

दुकानात चौदा टीव्हींवर एकच वाघ.
चौदाही पाणी प्यायला एकदम वाकले,
प्रत्येकाचा पिवळा निराळा.
माय एकेकासमोर उभी राहिली,
लुगड्याचा रंग पारखावा तशी.
"हा हळदीचा. हा शेंदराचा."
तिचं माहेर चिमूरकडचं. तेंदूपत्त्याच्या दिवसात
तिनं एकदा पाहिला आहे, पस्तीस पावलांवरून,
तेव्हा इंच विचारायची सोय नव्हती.
शेवटी कोपऱ्यातल्या जरा मळकट वाघावर
तिनं बोट ठेवलं. "हा खरा."
तो सेट सगळ्यात स्वस्त निघाला.
दुकानदारानं पंखा कमी केला.

मग आवाज.
कंपनीचा शर्ट घातलेला पोरगा म्हणाला,
"बाबा, डोळे मिटा. आता जंगल ऐका."
काळ्या पट्टीतून आधी वारा आला,
मागून वाळली पानं,
आणि उजव्या अंगाला एक पाखरू
इतकं बारीक बोललं
की मी वळून ट्यूबलाइटकडे पाहिलं.
मायही वळली.
बाबा तसेच. डोळे मिटलेले, हात मांडीवर,
पुढच्या एसटीची वाट बघत बसल्यासारखे.
"कसं वाटलं पाखरू?"
"कोन्तं पाखरू?"

एकतीस वर्षं जिनिंगमध्ये.
रेच्यांची रांग उजव्या हाताला,
हवेत रुई, पावलाखाली सरकी,
आणि शिफ्टभर तो आवाज, ज्यात माणसं
ओठ पाहून बोलत.
आम्ही समजत होतो, हाक मारली की
मुद्दाम ओ देत नाहीत.
माय तर एकदा पोळ्यापासून दिवाळीपर्यंत
बोलली नव्हती, एवढ्याचसाठी.
ते कळलं का त्यांना, कोण जाणे.
आमच्या सीताफळावर सकाळी शिंजीर येतो.
बाबा आधी म्हणायचे, "आला पाहा."
म्हणायचे कधी थांबले,
हे मला त्या दुकानातही आठवेना.

"अजून एकदा लाव," बाबा म्हणाले.
पोरानं आकडा वाढवला. पाखरू आलं, गेलं.
बाबा उठले, खाली ठेवलेल्या डब्यापाशी उकिडवे बसले,
त्याच्यावर तळवा ठेवला.
लांब कुठं तरी ढग गडगडला असावा पडद्यात.
"हे येते," ते म्हणाले. "हाताले."

पोरगा भला होता.
पाच स्पीकरांचा कागद त्यानंच दुमडला,
म्हणाला, यांना दोन पुरे, आणि हा डबा.
एक बटण दाखवलं, त्यानं
बोलणं मोठं होतं, बाकी सगळं मागे सरतं.
मायनं विचारलं,
"याच्यात मायं बोलनं बी मोठं होते का?"
पोरगा हसला.
ती उत्तराची वाट बघत उभी होती.

आता टीव्ही सात वितींच्या मधोमध आहे.
डावा स्पीकर बाबांच्या खुर्चीला चिकटून,
उजवा नुसता जोडीला.
डबा दिवाणाखाली; बातम्यांची धून लागली
की फळीवरचे स्टीलचे गिलास
एकमेकांना टेकतात, वरचं टिनही काही तरी पुटपुटतं.
बाबा अनवाणी पाय फरशीवर दाबून बसतात.
मायनं जागा बदलली.
आयुष्यभर ती त्यांच्या उजवीकडे बसायची.
कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही,
तांदूळ निवडायचं सूप फक्त इकडून तिकडे गेलं.

परवा मोरेश्वर दारात. पोळा अजून लांब.
म्हणाला, तुमच्या बातम्या आमच्या घरात येतात,
आम्ही आमचा लावतच नाही, बिल वाचतं.
तो उजवीकडे उभा होता.
बाबांनी मायकडे पाहिलं. "काय म्हनते?"
ती थोडी वाकली, डाव्या कानापाशी.
"टेप आनला म्हनते."