तिरळा मोर

साखर पेठेत दोन माग, एक पंखा,
आणि वर जॅकार्डला पुठ्ठ्यांची माळ.
भोक असेल तिथं धागा उचलतो,
मोराचा डोळा उमटतो.
नसेल तिथं नुसतीच चादर.

फिजिक्सच्या पहिल्या वर्षी नानांना विचारलं,
सगळं आधीच ठरलेलं असेल
तर भोकं पाडतं कोण?
"बोम्मा अंबादास," नाना म्हणाले,
"तोंडात कायम तंबाखू. एक भोक चुकवलं त्यानं,
म्हणून आपला मोर तिरळा."
आणि धोट्यात नवी कांडी घातली.
तिरळाच मोर खपला पुढं, पार विजापूरपर्यंत.

अम्माचा भरवसा मार्कंडेयावर:
त्या पोराला यमाच्या फासातून सोडवलं होतं देवानं.
नानांच्या छातीत सूत साठलेलं.
सिव्हिलच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडाला धरला,
मला तो पुठ्ठाच वाटला.
अम्मानं एवढंच विचारलं,
"ह्यांना कडक भाकरी चालेल का?"

परवा ग्रहण लागलं.
अम्मा आत, पाण्यात तुळशीपान टाकून बसलेली.
मी जिन्यावरून एक जुना पुठ्ठा उन्हात धरला.
फरशीवर कोरी सांडल्या,
खूप, एकमेकींवर चढलेल्या.
भोक गोल, सूर्य मात्र वाकडा.

हाक मारली नव्हती मी.
तरी ती आली, पदर डोक्यावर घेऊन,
वाकून फरशी बघत राहिली.
"यातला अंबादासचा कुठला?"
मला सांगता येईना.
"हात हलवू नकोस," म्हणाली,
आणि मोजायला बसली.