आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर

बहिर दारला विद्यापीठाच्या फाटकासमोर माझं दुकान.
दोन संगणक, एक प्रिंटर, आणि बाइंडिंगची खळ,
जी रविवारीसुद्धा नखांतून निघत नाही.
माणसं दोन वर्षं विचार करून येतात,
मी त्यांना डावीकडे चार सेंटीमीटर समास देतो.
डावीकडे जास्त, कारण शिवण तिथून जाते.
विद्येतलं तेवढंच मला कळतं.

इत्सेगेनेत आली तेव्हा वीज नव्हती.
पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरून बसली,
मूठ उघडली तर उडेल अशी.
प्रबंध मातीवर. म्हणजे तव्यांवर:
इंजेरा भाजायचे ते रुंद तवे
कोण घडवतं, माती कुठली, कोणत्या गोट्याने घोटतात.
एकशे बारा पानं.
वीज आली. मी संदर्भसूचीपासून सुरुवात केली,
घर झाडताना मागच्या खोलीपासून करतात तशी.

"आडनाव," मी म्हटलं. "मग स्वल्पविराम. मग आद्याक्षर."
ती म्हणाली, "आडनाव कुणाचं?"

खरंच. आमच्यात कुठे असतं ते.
आधी आपलं नाव, पुढे बापाचं, संपलं.
पण शैलीचं पुस्तक जिथे लिहिलं
तिथे सगळ्यांना आडनाव असावं,
आणि वर्षाला महिने बारा.

तर झेनेबेच गेलाऊ,
सत्तरीची, जन्मभर कोपरापर्यंत चिखलात,
यादीत झाली: गेलाऊ, झे.
आणि गेलाऊने, तिच्या बापाने,
मातीला कधी हात लावला नव्हता.
खेचरं विकायचा. एकदा खेचरांबरोबर गेला
तो गेलाच.

मुलाखतीची तारीख पागुमे तीन.
आमचा तेरावा महिना, पाच दिवसांचा.
संगणकाची पट्टी बारावर थांबते.
इत्सेगेनेतने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं.
शेवटी मी आठ सप्टेंबर टाकलं.
बरोबर होतं. पटलं कुणालाच नाही.

दुपारी मार्गदर्शकांचा निरोप:
तोंडी माहिती सूचीत धरत नाहीत,
वाचकाला परत जाऊन बघता येत नाही म्हणून.
मजकुरात एक कंस, पुरे.

"येतं की बघता," ती पडद्याला म्हणाली,
"निळी मिनीबस, शेवटचा थांबा,
मग धूर दिसेल तिकडे."

मी काही बोललो नाही.
गेलाऊ, झे. निवडलं, पुसलं.
खालच्या ओळी वर सरकल्या,
रांगेतून कुणी निघून गेल्यावर
माणसं सरकतात तशा, न बघता.

पाच प्रती नियमाप्रमाणे.
सहावी तिने माझ्या शेजारी उभं राहून करवली.
शेवटच्या पानावर एकच नोंद, समासाला न जुमानता:
झेनेबेच गेलाऊ. तवे.
तिच्याच अंगणात, पागुमे तीन, धुरात.

गडद लाल रेक्झिन, सोनेरी अक्षरं.
पैसे मी पाचाचेच घेतले.

पुढचं इत्सेगेनेतने सांगितलं.
म्हातारीला वाचता येत नाही.
तिने उघडलंच नाही ते.
कानाशी धरलं, बोटाच्या पेराने टकटक केलं,
तवा तडकलाय का बघतात तसं,
आणि परत देत म्हणाली,
"भाजलाय. पण जरा कमी."

तेव्हापासून मी पुठ्ठा जाड वापरतो.