कापसाले तहान नाई

मार्चातली सकाळची शाळा. सात वीस.
व्हरांड्यात पाच वाट्या मांडल्या,
खिचडीच्याच, कड चेपलेल्या.
पाणी मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण.
पुस्तकातला शब्द 'शोषण'.
तो फळ्यावर लिहिला, पुसला, 'टिपणं' लिहिलं.
पोरं 'पेणं' म्हणतात. तेच बरं.

पाटी पुसायचा स्पंज प्यायला घटाघटा,
पाहुण्याच्या पोरासारखा.
विटेचा तुकडा बुडाला आणि बोलू लागला,
बारीक चिकचिक, बुडबुडे,
आत कुणी चुरमुरे खात बसल्यासारखं.
काळ्या मातीचं ढेकूळ आधी फुटलं,
मग प्यालं,
मग वाटीत वाटीच्याच आकाराचं होऊन बसलं.
जुन्या दुपट्ट्याचा तुकडा काठावर टाकला होता,
त्यानं पाणी वर चढवून
फरशीवर ठिबकवलं. ते कुणी मोजलंच नाही.

पाचव्या वाटीत रेवता कुमरेचा कापूस,
घरातल्या गंजीतून उपसलेला,
एक सरकी आणि पानाचा चुरा सकट.
बसला पाण्यावर. नुसता बसला.
बोटानं दाबला, वर आला.
"बाई, ह्याले तं तहानच नाई."
चौतीस डोळे माझ्याकडे.

जिनिंगच्या भोंग्यावर झोपले-उठले मी लहानपणी,
आणि मला माहीत नव्हतं.

उपकेंद्रातल्या माहुरे सिस्टर हसल्या.
"मेण असते त्याच्या अंगावर.
सोड्यात उकळला का सुटते,
मंग तो प्याले शिकते."
निळ्या कागदातला पांढराशुभ्र कापूस दिला त्यांनी.
वाटीत टाकताच गायब झाला,
ओल्या कागदासारखा तळाला चिकटला,
ना सरकी, ना आकार.
रेवतानं त्याच्याकडे पाहिलं
आणि आपला कापूस जरा जवळ ओढला.

रात्री खाट भिंतीशी होती.
दिवसभर प्यालेलं ऊन भिंत परत करत होती,
एकेक वीट, दोन वाजेपर्यंत.
चादर ओली करून पांघरली, वाळली,
पुन्हा ओली केली.
झोप येईना म्हणून प्रगतिपत्रकं काढली.
रेवता कुमरे. वर्ग पाचवा.
शेऱ्याच्या रकान्यात, नोव्हेंबरातलं, माझंच अक्षर:
ग्रहणशक्ती कमी.

खोडरबरानं घासलं. ब्लेडनं खरवडलं.
शाई पार मागच्या पानावर उतरलेली,
हजेरीच्या आकड्यांत.
सबंध दिवसात सगळ्यात तहानलेलं निघालं ते
हे सरकारी कागदाचं पान.

सोमवारी पाचही वाट्या कोरड्या.
उन्हानं कुणाचंच ठेवलं नव्हतं.
स्पंज आखडून बिस्किटासारखा,
माती तडकलेली.
कापूस होता तसा.
रेवतानं तो उचलला, फुंकर मारली,
फ्रॉकच्या खिशात घातला
आणि विचारलं,
"बाई, मंग बोंडावर पानी पडते
तवा हा मेणानंच वाचते का?"

मी म्हटलं, थांब.
हे मला लिहून घेऊ दे.