एक वीत जास्त

मी दारांना लोखंडी फळ्या बसवतो.
चौकटीला दोन्हीकडे खाच, खाचेत रबर,
आणि मग गुडघ्याएवढी, मांडीएवढी,
ज्याच्या त्याच्या भीतीएवढी फळी.
माप घ्यायला गेलो की प्रश्न ठरलेला :
किती उंच करायची, इव्हानिल्दो?
मी भिंतीवरचा जुना डाग शोधतो.
डाग, आणि वर एक वीत.
एकोणीस वर्षं हेच सांगतोय
आणि दर दोन-तीन वर्षांनी
तीच दारं पुन्हा मोजतोय.

आमच्या रस्त्याखाली ओढा आहे.
आम्ही इथे यायच्या आधीच त्याला पाइपात घातला,
वर डांबर, डांबरावर बसथांबा, औषधांचं दुकान.
साओ पाउलोच्या नकाशात तो नाही.
रात्री रहदारी निवली की मॅनहोलच्या झाकणाशी वाका :
कवळी काढून ठेवलेल्या म्हाताऱ्यासारखा
काहीतरी पुटपुटत असतो.

काल पावणेचारला सगळे फोन एकदम किंचाळले,
बेकरीतले, बसमधले, न्हाव्याच्या कपाटातला.
तीव्र वादळ. अचानक पूर. सखल भाग सोडा.
सखल भाग म्हणजे आम्ही.
सोडून जायचं कुठे? चढावरच्या इमारतींना
फाटकं आहेत, फाटकांवर माणसं आहेत.

उजेड कच्च्या लिंबासारखा झाला.
विजा एकीमागून एक नाही,
एकीच्या अंगावर एक पडल्या.
मग गारा. मग झाकणं उडाली,
आणि ओढा उभा राहिला रस्त्यात, माणसाएवढा,
बसथांब्याचं बाक काखेत मारून.

माझ्या गावी, तिकडे ईशान्येला, कोरड्या मुलखात,
पाऊस आला की आई घरातलं भांडं न् भांडं
अंगणात मांडायची. कप सुद्धा. औषधाचा चमचा सुद्धा.
मार्लूसेला हे मी नेमकं तेव्हाच सांगत होतो,
फळीवरून बाहेर बघत. पाणी वरच्या कडेला
दोन बोटं कमी. आत थेंब नाही.
ती म्हणाली, चांगलं काम केलंयस.
लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाली असेल.

तेवढ्यात मोरीतून आवाज आला.
घोट गिळल्याचा, पण उलटा.
मग संडासातून. मग फरशीच्या जाळीतून,
काळं, सावकाश, घरच्या माणसासारखं,
दार न वाजवता.

बाहेरचं अर्ध्या तासात ओसरलं.
आतलं राहिलं, माझ्याच फळीने अडवलेलं.
रबर मी असा ठोकून बसवला होता
की फळी हलेना. घणाने तोडली.
कावान पातेल्याने पाणी फेकत होता, मार्लूसे कढईने,
मी कपाने. मला कपच सापडला.

समोर दोना झुल्मिराची दोन्ही दारं,
पुढचं आणि मागचं, सताड उघडी.
सहा वर्षं मी तिला फळी विकू बघतोय.
ती जेवणाच्या टेबलावर बसली होती,
मांडीत मांजर, मांजरावर रेडिओ,
आणि ओढा घरातून सरळ निघून गेला,
जाताना एक चप्पल घेऊन.

सकाळी पुलाखाली लाल मोटार दिसली, छपरापर्यंत चिखल.
वायपर अजून चालू होते.
आत कोण होतं ते अजून कुणी सांगत नाही.
बेकरीवाला म्हणतो, कुणीच नव्हतं.
तो असंच म्हणतो.

नऊपर्यंत सात फोन आले. किती उंच, इव्हानिल्दो?
मी टेप घेऊन स्वतःच्या भिंतीपाशी उकिडवा बसलो.
नवा डाग आतल्या बाजूला होता.
आतल्या डागावर किती वीत धरायची
हे मला कुणी शिकवलेलं नाही.

समोरून हाक आली : कॉफी झालीय.
पण बूट बाहेर काढ रे,
आत्ताच पुसलंय.