दोन किलो चारशे

आई म्हणाली, मला संगणक कळत नाही,
माल कळतो.
आणि गुरुवारी पहाटे
जांभळ्या मक्याच्या आपीचा हंडा दोन्या बासिलियाच्या हवाली करून
निघाली माझ्यासोबत एल आल्तोच्या बाजारात,
टोपी सरळ, पैसे पोटाशी.
अठराशे बोलिव्हियानो. त्यातले तीनशे सुटी नाणी.

माझ्याजवळ यादी होती.
सोळाची रॅम, मोठा पडदा,
आणि आराखड्यांवर ऊन-सावली पाडणारं वेगळं कार्ड,
रुबेनकडे आहे तसं.
खरं तर यादी रुबेनचीच होती.

गिअरबॉक्सांच्या, उतरलेल्या जीन्सच्या ढिगांपलीकडे
निळ्या ताडपत्रीवर तेवीस लॅपटॉप
तळ्यावरून आलेल्या मासळीसारखे आ वासून.
विल्मरने पहिला उचलला तो चंदेरी, पातळ.
"हजार गिगाबाइट, सेन्योरा. पोरीच्या लग्नापर्यंत भरणार नाही."
आईने त्याला कान लावला.
"आत काय फिरतंय?"
"तबकडी."
मग मलाच सांगावं लागलं, की वाचणारं टोक
तबकडीला टेकत नाही, तरंगतं हवेच्या पापुद्र्यावर,
आणि इथे चार हजार मीटरवर
हवाच पुरत नाही त्याला.
"म्हणजे खालच्या गावच्या पाहुण्यांसारखंच," आई म्हणाली,
"वर आलं की धाप."
ठेवून दिला.

दुसरा लाल दिव्यांचा, रुबेनसारखा. बत्तीसशे.
मी हात लावला नाही, फक्त पाहिलं.
आईने मला पाहताना पाहिलं.
"हा काय जास्तीचं करतो?"
"भिंतीवर ऊन पाडतो."
"आणि ऊन नसलं तर भिंत पडते?"
नाही, म्हणाले मी. नाही पडत.
खूप वेळ मग ती काहीच बोलली नाही,
आणि मला वाटलं, तिलाही तो हवा होता.

तिसरा काळा, जाडजूड, कुठल्याशा परदेशी कचेरीतून निवृत्त,
पाठीवर खरवडलेल्या स्टिकरचा चिकटपणा.
आत तबकडी नाही. रॅम आठच,
पण शेजारचा खण रिकामा.
हे आईला मी न समजावताच कळलं.
आमच्या गच्चीवरही सळया तशाच ठेवल्यात उभ्या,
पैसा आला की वरचा मजला.

"वायर काढ," ती विल्मरला म्हणाली.
"बॅटरी नवीकोरी आहे, सेन्योरा."
"मग काढायला काय जातं?"
आणि बसली. आग्वायो अंथरून, लोकर काढून, तिथेच.
मी मांडीवर मशीन घेऊन एक जिना काढत राहिले.
गिऱ्हाइकं आम्हाला वळसा घालून जात होती,
विल्मरने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा आभाळ.
एक तास पन्नास मिनिटांनी
सतराव्या पायरीवर पडदा काळा झाला.
"म्हातारी आहे," आई सुई न थांबवता म्हणाली.
"म्हातारीचे पैसे लाव."

सोळाशे वीस, चार्जरसकट.
नाणी मोजताना विल्मरने बोटं कापलेले हातमोजे काढले,
तेव्हा दिसलं की तो माझ्याच वयाचा आहे.

घासाघीस संपल्यावर लक्षात आलं:
कळफलकावर ञ नाही. आमचा, डोक्यावर लाट असलेला एन.
"मग 'उद्या' कसं लिहिशील? 'वर्ष'? 'पोर'?"
"तो आतमध्ये आहे, आई. फक्त छापलेला नाही.
बोटांना माहीत आहे कुठे."
तिला पटलं नाही. पैसे परत मागायला वळलीच होती.

केबल कारमध्ये तिने तो पाठीवर घेतला, आग्वायोत,
गाठ छातीवर. मला देईना.
किती असेल वजन, तिने विचारलं.
मी मागचं लेबल वाचलं होतं: दोन किलो चारशे.
"तू यापेक्षा थोडी कमीच होतीस," म्हणाली,
आणि खाली विटांची शहरभर अर्धवट घरं सरकत असताना
मागे हात नेऊन तिने एकदा
बुडाला आधार दिला.